तुला काही झालेले नाही!

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी यंदा पत्रात एक ओळ मुद्दाम वाढवली होती : "सणाचा अंक आहे, काहीतरी खुसखुशीत येऊ द्या." वर्षभर या पानावर मी कधी शब्दांच्या व्युत्पत्तीचा, कधी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचा, तर कधी आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचा विषय काढून वाचकांना छळत असतो. तेव्हा संपादकांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. मी खुसखुशीत लिहायला बसलोही होतो. विषय ठरला होता चकली. पण चकलीवरून आईची आठवण निघाली, आईवरून तिच्या वहीची आणि वहीवरून एका परिचारिकेची. आणि चकली बाजूलाच राहिली. म्हणून वाचकहो, यंदा फराळाच्या ताटात हा थोडा कडू पदार्थ वाढतो आहे. कारिटे फोडल्याशिवाय नरकचतुर्दशीची आंघोळ पुरी होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

आमचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर साताऱ्याच्या घराला कुलूप लावून मी आईला पुण्याला आमच्याकडे घेऊन आलो. आईचे वय तेव्हा ७१. प्रकृती काटक. साताऱ्याला पहाटे उठून सडा घालणारी, परसातल्या जास्वंदीपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळ्यांची विचारपूस करणारी ही बाई आमच्या चौथ्या मजल्यावर येऊन राहिली. सहा महिने बरे गेले. मग एके रात्री तिच्या छातीत धडधडू लागले.

छातीपासून सुरू झालेली तक्रार पुढे पोटात उतरली, पोटातून डोक्यात चढली आणि डोक्यातून पाठीत गेली. आम्ही डॉक्टर केले. एक झाले, दुसरे झाले. कुणी हृदयाचे, कुणी पोटाचे, कुणी मेंदूचे. वर्षभरात एक जाडजूड फाईल तयार झाली. तीत तीन ईसीजी, एक टू-डी एको, पोटाची दुर्बिणीतून केलेली तपासणी, डोक्याचा एमआरआय, आणि रक्ताच्या तपासण्या तर मी मोजलेल्याच नाहीत. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शब्द : 'नॉर्मल'. इतके एकमुखी चांगले शेरे माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी मिळाले नसतील. प्रत्येक अहवाल आला की आईचा चेहरा दोन दिवस उजळायचा, आणि तिसऱ्या दिवशी ती हळूच विचारायची, "अरे, पण त्या मशीनची चूक नसेल ना झाली?"

एका डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारून सांगितले, "आजी, तुम्हाला काही झालेले नाही. मजा करा!" ते वाक्य मला फार आवडले. मी ते घरी आणले आणि वापरू लागलो. पहिल्यांदा हसत, मग समजावणीच्या सुरात, आणि मग एका रात्री दोन वाजता, दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेच्या कामाला जायचे असताना तिने मला तिसऱ्यांदा उठवले तेव्हा, चक्क ओरडून. "अगं आई, तुला काही झालेले नाही! काही म्हणजे काहीही नाही!"

ती काही बोलली नाही. आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले.

त्यानंतर तीन आठवडे घरात पूर्ण शांतता होती. आई तक्रार करीत नव्हती. मी सौ.ला विजयी मुद्रेने म्हणालोदेखील, "पाहिलेस? जरा कठोर बोलावे लागते." आमच्या सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि ती नुसतीच गप्प बसली. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता. तो कळला गेल्या वर्षीच्या आषाढातल्या एका संध्याकाळी. कॉलेजातून आलो तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. श्वास लोहाराच्या भात्यासारखा चाललेला, अंगाला दरदरून घाम, हाताची बोटे वाकडी होऊन ताठरलेली. मला पाहून ती धापा टाकत म्हणाली, "काही नाही रे. काही झालेले नाही."

माझेच वाक्य तिने मला परत केले होते.

रुग्णालयात चार दिवस काढले. हृदयाच्या सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या आणि पुन्हा चांगल्या निघाल्या. त्या वॉर्डात रात्रपाळीला एक परिचारिका होत्या. कोल्हापूरकडच्या, वय पन्नाशीच्या आतबाहेर, आवाज खणखणीत, चाल मात्र मांजरीची. पूर्वी काही वर्षे त्यांनी मनोरुग्णांच्या विभागात काम केले होते. त्यांचे नाव इथे देत नाही. आम्ही सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणत होतो आणि तेवढ्यावर भागत होते.

पहिल्याच रात्री मी त्यांना व्हरांड्यात गाठले, आवाज खाली आणला आणि सुशिक्षित माणसाच्या शहाणपणाने म्हणालो, "सिस्टर, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. तसे तिला काही नाही. मनाचे आहे."

त्या तक्त्यावर काही लिहीत होत्या. लिहिणे न थांबवता म्हणाल्या, "सर, मनाचं म्हंजी काही न्हाई, असं कुठं असतंय व्हय?"

'मन' या शब्दावर मी एम. ए.च्या वर्गापुढे पाऊण तास बोलू शकतो. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या चार रात्री मी आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून शुश्रूषा म्हणजे काय ते पाहिले. तोवर माझी समजूत अशी होती की परिचारिका म्हणजे ताप मोजणारी, सुई टोचणारी आणि भेटीची वेळ संपल्यावर नातेवाइकांना हाकलणारी बाई. सिस्टर ही तिन्ही कामे चोख करीत. पण त्यांचे खरे काम ह्या कामांच्या अधल्यामधल्या जागेत चाले.

आईने घंटा वाजवून "छातीत दुखते" म्हटले की त्या पहिले वाक्य एकच म्हणत, "दुखतंय तर दुखतंयच की, आज्जी. कुठं, ते बोटानं दावा." मग नाडी, रक्तदाब, श्वास. कधीपासून, किती वेळ, कशाने वाढते. काही नवे, वेगळे वाटले तर लगेच डॉक्टरांना वर्दी. दुखणे खोटे आहे असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आणि दुखणे खरे आहे म्हणून पुन्हा एकदा फोटो काढू या, असेही म्हणाल्या नाहीत. हा मधला रस्ता किती अरुंद आहे, ते त्यावरून चालायचा प्रयत्न केलेल्या माणसालाच कळेल. आम्ही घरचे लोक एकतर रोग्याशी वाद घालतो, नाहीतर घाबरून नव्या डॉक्टरांची वेळ घेतो. दोन्हींतून दुखणे वाढते. वाद घातला की रोग्याला आपले दुखणे सिद्ध करून दाखवावे लागते. आणि नवी तपासणी केली की त्याला वाटते, नक्कीच काहीतरी असणार, नाहीतर इतके पैसे कशाला खर्च केले असते?

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. सिस्टर घंटेवाचूनही येत. रात्री दहाला, एकला आणि पहाटे चारला, ठरलेल्या वेळी, आई जागी असो वा नसो. जागी असली तर पाच मिनिटे स्टुलावर टेकत आणि दुखण्याखेरीज भलत्याच गोष्टी काढत. साताऱ्याला भाजणीत धने किती घालतात? कंदी पेढ्याला दूध किती आटवायला लागते? तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आले की आईची घंटा जवळजवळ थांबली होती. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माणूस दुखलं म्हटल्यावरच जवळ येत असंल, तर दुखण्याशिवाय हाक मारायची कशी, सर? आज्जी सोंग करत न्हाईत. पण अंगाला तेवढी एकच घंटा ठाऊक झालेली असती. आपण आपल्या वेळंला येत राह्यलो, की घंटंचं काम कमी हुतंय."

वाचकहो, गेल्या वर्षभरात मी आईच्या खोलीत दुखण्यावाचून किती वेळा गेलो होतो, याचा हिशेब मी त्या खुर्चीत बसून केला. तो इथे मांडण्यासारखा नाही.

दुसऱ्या रात्री आईला तसाच झटका आला. मी ताडकन उठून व्याख्यान सुरू केले : घाबरू नकोस, हृदय उत्तम आहे, एको पाहिलास ना, साठ टक्के काम करते, साठ टक्के म्हणजे चांगले... सिस्टरनी मला खुणेने बाहेर काढले. दिवा मंद केला. स्वतः स्टूल ओढून आईच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि हळू, तुटक, तीन-चार शब्दांची वाक्ये बोलू लागल्या. "आज्जी, मी हितंच हाय. हे उतरतंय. श्वास सोडा. आणखी सोडा. सावकाश." श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर त्यांचा भर होता. दहा-पंधरा मिनिटांत ताठरलेली बोटे सैल झाली.

सकाळी त्यांनी आम्हा दोघांना चहाबरोबर त्यातले शास्त्र सांगितले. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करते. रक्तात ॲड्रिनलिन उतरते, छाती धडधडते, स्नायू आवळतात, पोटाचे काम मंदावते. समोर वाघ असेल तर ही सारी सोय उत्तम. पण वाघ नसला तरी शरीर तीच तयारी करते. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटे आखडतात. त्या मुंग्यांना माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो. असे हे रहाटगाडगे. आमच्या एका शेजाऱ्यांनी कागदी पिशवी तोंडाला लावून श्वास घ्यायला सांगितले होते. पूर्वी तसे सांगत असत खरे. पण तो उपाय आता करू नये, असे सिस्टर म्हणाल्या. दुखणे खरोखरच हृदयाचे किंवा दम्याचे असले, तर त्या पिशवीने जिवावर बेतू शकते.

"मग हे तुम्ही रात्रीच का नाही सांगितले?" मी विचारले.

"रात्री ऐकायला आलं असतं व्हय आज्जींना? भीती वाढली की कान बारीक होत्यात. आमच्या अभ्यासातच हाय ते."

अभ्यासातले ते काय, म्हणून मी नंतर शोधले. हिल्डेगार्ड पेप्लाऊ नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली परिचारिका आणि रोगी यांच्यातील नात्यावर एक ग्रंथ लिहिला. जगभरच्या मनोरुग्ण-शुश्रूषेच्या शिक्षणात त्याला मानाचे स्थान आहे. चिंतेच्या चार पायऱ्या या बाईंनी सांगितल्या : सौम्य, मध्यम, तीव्र आणि अगदी शेवटची, भयाने गांगरून जाण्याची. पहिल्या पायरीवर माणूस उलट अधिक सावध असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमचे विद्यार्थी प्रथमच पुस्तक उघडतात ते या पायरीच्या कृपेने. पण जसजसे वर जावे तसतसे मनाचे दार किलकिले होत जाते, आणि शेवटी एखाद्या लहान वाक्याखेरीज आत काही शिरत नाही. म्हणजे वीस वर्षे अध्यापन करणाऱ्या मला जे ठाऊक नव्हते ते सिस्टरना ठाऊक होते : ऐकणाऱ्याचे कान कधी उघडे असतात ते.

खरे म्हणजे मी मराठीचा माणूस. मला हे सारे आमच्या भाषेनेच शिकवायला हवे होते. आपल्याला भीती वाटली की पोटात गोळा येतो. वाईट बातमी आली की छातीत धस्स होते. वाट पाहताना जीव टांगणीला लागतो, घशाला कोरड पडते, तोंडचे पाणी पळते, हातपाय गळतात आणि धाबे दणाणते. 'काळजी' हा शब्द 'काळजा'पासून फार लांबचा नाही, हे कानालाच कळते. मन आणि शरीर यांच्यात भिंत आहे, अशी समजूत करून घेऊन आपली भाषा कधी बोललीच नाही. हे वाक्प्रचार मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, 'वाक्यात उपयोग करा' म्हणतो. आणि माझ्या आईने त्यांचा उपयोग वाक्याऐवजी अंगावर केला, तेव्हा मी तिला गुण द्यायला तयार नव्हतो!

दुसऱ्यांच्या भाषाही हेच सांगतात. इंग्रजांचा चिंतेचा शब्द 'अँग्झायटी' गळा आवळण्याच्या लॅटिन धातूवरून आला आहे. सतत आजाराची धास्ती घेणाऱ्याला ते 'हायपोकाँड्रिॲक' म्हणतात. त्याचा मूळ ग्रीक अर्थ बरगड्यांच्या कुर्च्यांखालचा भाग, म्हणजे आपण जिथे गोळा आला म्हणतो साधारण तीच जागा. आणि हे सारे बायकांचे चोचले, असे म्हणणाऱ्या पुरुषांसाठी एक दाखला सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधडीने आणि छातीतल्या कळांनी हैराण केले होते, पण पुष्कळांच्या हृदयात काही दोष सापडेना. डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ साली त्यांच्यावर निबंध लिहिला. तोफांपुढे उभे राहिलेली माणसे होती ती.

आजच्या वैद्यकाने तर ही गोष्ट स्पष्टच करून टाकली आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या रोगनिदानाच्या संहितेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर', म्हणजे शारीरिक लक्षणांचा विकार, हे नवे नाव आले आणि 'तपासणीत काही सापडता कामा नये' ही अट गेली. शरीरात काही सापडो वा न सापडो. त्या लक्षणाने माणसाचे विचार, काळजी आणि दिवस किती व्यापले आहेत, आणि हे बहुधा सहा महिन्यांहून अधिक चालले आहे का, ते आता पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही 'शारीरिक क्लेशाचा विकार' अशा अर्थाचे नाव आहे. थोडक्यात, 'रिपोर्ट नॉर्मल' हे वाक्याच्या शेवटचे पूर्णविरामचिन्ह नव्हे, हे आता शास्त्रानेही मानले आहे.

पण आईला हे सांगणार कोण? डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांचे नाव काढले मात्र, आईने पदर खोचला. "मी काय वेडी आहे?" मनाचा आजार म्हटले की मुंबईकराला ठाणे आठवते आणि पुणेकराला येरवडा, नागपूरकर आणि रत्नागिरीकर यांना तर गावाबाहेरही जावे लागत नाही. मी सुचवले, आपण आईला 'झोपेचे डॉक्टर' म्हणून सांगू या. सिस्टरना ते पटले नाही. त्या सरळ आईला म्हणाल्या, "आज्जी, हे मनाचंच डॉक्टर हाईत, लपवून काय करू? पाय मुरगळला तर हाडाच्या डॉक्टरकडं जातोच की आपण. म्हणून काय पाय मोडला असं हुतंय?" आई विचार करीत राहिली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बोलाव त्यांना. पण तू बाहेर बस."

मी बाहेर बसलो. मनोविकारतज्ज्ञांनी एक औषध सुरू केले आणि बोलण्याच्या उपचारासाठी दर आठवड्याची वेळ ठरवून दिली. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडे अस्वस्थ वाटते आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते, हे सिस्टरनी घरी जाताना आईकडून दोनदा म्हणवून घेतले. आणि माझ्याकडून एकदा. शिवाय, एकच डॉक्टर सगळ्या तक्रारी पाहतील आणि दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी पाहतील, दुखले म्हणून नव्हे तर वार आला म्हणून जायचे, असेही ठरले. तीच दहा-एक-चारची युक्ती, जरा मोठ्या मापाची.

निघताना मी त्यांना विचारले, "रात्री दहाव्यांदा घंटा वाजली की तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की! यायचाच. आला की मी आधी पेलाभर पाणी पिते, मग जाते. राग घेऊन पलंगाजवळ जायचं न्हाई, एवढंच."

मला दोन वाजताची ती रात्र आठवली. माझ्या उशाशीही पाण्याचा तांब्या होता.

सिस्टरनी आईला एक वही घालायला सांगितली. पाच रकाने : वेळ, काय झाले, त्याआधी काय चालले होते, दहापैकी किती, किती वेळाने उतरले. आईने माझ्या टेबलावरून एक कोरी वही घेतली आणि पट्टीने रेघा मारल्या. महिन्याभराने तिने आपण होऊन ती माझ्यापुढे ठेवली. हजारो उत्तरपत्रिका वाचल्या असतील मी, पण अशी उत्तरपत्रिका कधी हाती आली नव्हती. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा तीच वाक्ये. 'सगळे बाहेर गेले. घर शांत.' 'चार वाजले. ह्यांची चहाची वेळ.' आणि तीन ठिकाणी, 'साताऱ्याच्या घराबद्दल फोन.' त्या तिन्हींच्या पुढे दहापैकी नऊ.

साताऱ्याच्या घराला गिऱ्हाईक लागले होते. जेवताना मी ही बातमी आईला सांगितली होती, भावही सांगितला होता. "तुला योग्य वाटेल ते कर," असे ती म्हणाली होती, आणि मी तिला संमती समजून इसार घेऊन मोकळा झालो होतो. वाक्याचा अर्थ त्याच्या संदर्भावरून लावावा, असे मी शिकवतो.

मी धावत सिस्टरकडे गेलो. कारण सापडले होते ना! त्यांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "सर, कारण घावलं म्हंजी दुखणं पळालं, असं नसतंय हं. वाट कळली एवढंच. चालायचं हायच." आणि बोट दुसऱ्याच ओळीवर ठेवले. आईने लिहिले होते : 'तळपायांना मुंग्या. सकाळी उठल्यापासून. काळजी काही नव्हती. दिवसभर आहे.' "हे निराळं हाय," त्या म्हणाल्या. "हे धडधडीबरोबरचं न्हाई. डॉक्टरांना आजच दावा." दाखवले. फाईलच्या त्या एवढ्या गठ्ठ्यात नेमकी न झालेली एक तपासणी झाली, आणि आईच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. आपल्याकडे शाकाहारी आणि वयस्क माणसांत ही गोष्ट दुर्मिळ नाही. इंजेक्शने सुरू झाली आणि मुंग्या हळूहळू कमी झाल्या. म्हणजे पाहा, ज्या बाईला मी 'तुला काही झालेले नाही' म्हणून गप्प केले होते, तिला मनाचे तर काही झालेले होतेच, पण शरीराचेही झालेले होते! ती गप्पच राहिली असती तर दोन्ही कळले नसते.

म्हणून ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना, डॉक्टर नसलेल्या माणसाच्या अधिकारात, एवढेच सांगतो. छातीत प्रथमच कळ आली, दम लागला, अर्धे अंग लुळे पडले, तर ते मनाचे की शरीराचे याचा निवाडा घरी करू नका. थेट रुग्णालय गाठा. एरवी दुखण्याशी वाद घालू नका आणि दुखण्याची आरतीही करू नका. दुखण्यावाचून जवळ बसा. आणि कुणाशी बोलावे तेच कळत नसेल, तर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली 'टेलि-मानस' ही फुकट सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक लावला की माणूस मराठीतही बोलू शकतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकाला दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली. रोग्याला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर त्यात त्यांनी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले आहे. ते वाचताना वाटले, बाई आमच्या घरी राहून गेल्या की काय!

गेल्या दिवाळीआधी आठ दिवस मी आईला विचारले. उशिरा, पण विचारले. "आई, घर विकू नये असे तुला वाटते का? इसार परत करता येईल."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विका रे. बंद घराला वाळवी लागते. पण मला एकदा दार लावून येऊ दे. तेव्हा तू घाईने कुलूप लावलेस. मी गाडीतच बसले होते."

आम्ही साताऱ्याला गेलो. खंबाटकीच्या घाटात तिची धडधड सुरू झाली आणि घराच्या दारात पोचेपर्यंत श्वास वाढला. तिने उंबऱ्यावर बसकण मारली. माझ्या तोंडात ते वाक्य आलेच होते; सवय काही इतक्या लवकर जात नाही. मी ते गिळले, तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "मी इथेच आहे. सावकाश सोड." समोर अजिंक्यतारा दिसत होता. थोड्या वेळाने ती उठली. सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली, देवघराच्या कोनाड्यातली वडिलांची तपकिरीची डबी कमरेला लावली, आणि दार ओढून कुलूप स्वतः लावले. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाली, "आठ होते. आता पाच आहे."

मी वहीत लिहून घेतले.

आई बरी झाली का? गोष्टीत शोभेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. औषध चालू आहे, आता मात्रा कमी आहे. महिन्यातून एखादी रात्र वाईट जाते. दर वेळी डॉक्टरांकडचे काम झाले की ती जिना चढून सिस्टरना वही दाखवायला जाते. ही तिसरी वही. दुपारी चारचा चहा मी घरी असेन तेव्हा तिच्याबरोबर घेतो. नसेन तेव्हा फोन करतो. पहिले पाच मिनिटे दुखण्याबद्दल बोलायचे नाही, असा आमच्यात करार आहे. तो ती माझ्यापेक्षा चांगला पाळते.

हे लिहीत असताना स्वयंपाकघरात भाजणी भाजल्याचा वास सुटला आहे. आत्ताच आतून हाक आली, "अरे, जरा धडधडतंय. ये बघू इकडे. आणि येताना सोऱ्या काढून आण वरच्या फळीवरचा."

मला उठले पाहिजे. संपादकांना कृपा करून कळवावे : चकली पुढच्या वर्षी.